पंचविसावी ओळ

लग्नाच्या मुलामुलींचे आईवडील फॉर्मवर जे लिहितात त्यावरचा माझा विश्वास पहिल्या वर्षातच उडाला. 'उंची पाच फूट आठ इंच' असं लिहिलेला मुलगा समोर आला की माझ्या कानाला लागायचा. 'मुलगी नोकरी करते, सोडण्यास तयार' असं बापाने लिहिलेलं असायचं आणि मुलगी त्याच्या मागे उभी राहून मला मानेनेच नाही नाही म्हणायची. 'स्वतःचे घर' म्हणजे चुलत्याचं घर. 'बागायत' म्हणजे विहिरीला पाणी असेल तोवर बागायत. असे फॉर्म मी परत करायचे. अर्धवट भरलेले तर हातातच घ्यायचे नाही. 'बाई फार कडक आहेत' असं पंचवटीत माझ्याबद्दल बोललं जायचं. बोलू दे. रकाना मोकळा सोडणारा माणूस काहीतरी लपवतो किंवा आळशी असतो, आणि दोन्ही गोष्टी मुलीच्या घरच्यांना आधी कळायला हव्यात.

आमच्या वधू-वर सूचक मंडळाची पंचवटीतली शाखा मी सांभाळायचे. भाजीबाजाराकडे जाणाऱ्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. एकीत कपाटं, खुर्च्या आणि मी. दुसरीत कॉम्प्युटर, पंखा आणि काका. मुख्य कार्यालय नदीपलीकडे कॉलेज रोडच्या बाजूला, आणि तिसरी शाखा नाशिक रोडला.

काका म्हणजे जकात खात्यातून निवृत्त झालेले हेडक्लार्क. मंडळाचं काम ते सेवा म्हणून करायचे, म्हणजे पगार घ्यायचे नाहीत आणि कोणाचं ऐकायचेही नाहीत. पत्रिका जुळवणं हे त्यांचं खातं. त्यासाठी डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवर, चालणारा एक प्रोग्राम होता. पुण्याच्या कोणा गृहस्थांनी तो नव्वदच्या सुमाराला लिहून दिला होता आणि नंतर ते पत्रांना उत्तर द्यायचे बंद झाले होते. मुलाची आणि मुलीची जन्मतारीख, वेळ, गाव भरायचं, की गुण, नाडी, गण, मंगळ असं सगळं इंग्रजी अक्षरांत पडद्यावर यायचं. एफ टेन दाबलं की शेजारच्या प्रिंटरमधून करकरत कागद बाहेर.

त्या कागदाचा दरारा काय सांगावा! कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम होता. तो धुळीसाठी होता, पण लोकांनी तो देवघरासाठी आहे असं परस्पर ठरवून टाकलं होतं. बायका उंबऱ्याशी पाय पुसून, पदर सावरून आत जायच्या. रामकुंडाजवळच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या पंचांग घेऊन बसलेले गुरुजी. त्यांच्यातलेही दोघेतिघे आमच्याकडे यायला लागले. आपण हाताने काढलेलं गणित यजमानाला पटत नाही, म्हणून तेच आमच्या कागदावर छापून न्यायला. मी एकांना विचारलं, "गुरुजी, तुम्हाला येतं ना हे?" तर म्हणाले, "येतं हो. पण माझ्या अक्षराला कोण विचारतो आता?"

माझा पत्रिकेवर विश्वास आहे का, असं मला पुष्कळ जण विचारतात. माझा पूर्ण कागदावर विश्वास आहे. जो कागद मंडळाच्या नावाने बाहेर जातो तो वरपासून खालपर्यंत बरोबर असला पाहिजे. त्यावर काय छापायचं हे ज्याचं त्याने बघावं.

मग आमच्या चिटणिसांना आधुनिक होण्याची हुक्की आली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. तिन्ही शाखांची माहिती एका जागी पाहिजे, असं त्यांनी समितीपुढे मांडलं. विचार चांगला होता. नाशिक रोडला लग्न ठरलेल्या मुलाला आम्ही पंचवटीतून महिनोन्‌महिने स्थळं पाठवत होतो. पण चांगला विचार अमलात आणायला त्यांनी भाचा आणला. भाचा नुकताच कॉम्प्युटरचं शिकून आलेला, बोलताना समोरच्या माणसाऐवजी भिंतीकडे बघायची सवय असलेला.

"डॉस आता मेलं, मॅडम," तो समितीच्या बैठकीत मला म्हणाला. "मुख्य कार्यालयात एक सर्व्हर ठेवायचा, त्यावर डॉसऐवजी लिनक्स. शाखांमध्ये नुसते टर्मिनल. फोनच्या वायरीवरून जोडायचे."

"आणि पत्रिकेचा प्रोग्राम? तो डॉसचा आहे."

"तो चालेल की. लिनक्सवर डॉसचं सोंग घेणारा एक प्रोग्राम मिळतो. त्याच्या पोटात तुमचा प्रोग्राम चालतो. त्याला कळतसुद्धा नाही आपण कुठे आहोत ते."

"आणि आम्हाला कळेल का?"

समिती हसली. चिटणीस म्हणाले, "बाईंना बदल नको असतो." मग भाच्याने सांगितलं की लिनक्स फुकट मिळतं, आणि ठराव एकमताने मंजूर झाला. बदलाला माझा विरोध कधीच नव्हता. बदल करून झाल्यावर जुनं आणि नवं शेजारी ठेवून एकदा ताडून बघा, एवढंच मी म्हणत होते. ते बैठकीच्या इतिवृत्तात 'सौ. व्यवस्थापकांची सूचना नोंदवून घेण्यात आली' असं आलं. आमच्या मंडळात एखादी गोष्ट नोंदवून घेतली, की ती मेली असं समजायचं.

ताडून बघण्याची सोयही ठेवली नाही. जुना कॉम्प्युटर चिटणिसांनी एका शाळेला भेट दिला, हार घालून, फोटो काढून.

आमच्या खोलीत टर्मिनल आला. कुठल्याशा ऑफिसने भंगारात काढलेला, हिरव्या अक्षरांचा, एका बाजूने जरा पिवळा पडलेला. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक, डोकं नदीपलीकडे. इथे काकांनी 'क' दाबला की तो फोनच्या वायरीतून पूल ओलांडून जाणार, तिकडच्या डॉसच्या सोंगाला वाटणार की कळ आपल्यासमोरच दाबली, आणि उत्तर उलट इकडे येणार. भाच्याने हे समजावून सांगितलं तेव्हा काकांनी हात जोडले. मी विचारलं, "फोन आला तर?"

"फोन लागणार नाही. लाइन यातच असेल ना."

म्हणजे काका दिवसभर पत्रिका जुळवणार आणि आमचा फोन दिवसभर एंगेज. पुढच्या महिन्यात निफाड, चांदवडहून आलेली माणसं जिना चढून वर यायची तीच चिडलेली. "फोन उचलत नाही होय तुम्ही?" उचलायला तो वाजायला तर हवा!

मग कळांचं. एफ टेन दाबलं की टर्मिनल काहीतरी भलतंच तिकडे पाठवायचा आणि प्रोग्राम मुख्य मेनूवर उडी मारायचा. भाच्याने उपाय सांगितला: एस्केप दाबायचं, सोडायचं आणि लगेच शून्य दाबायचं. लगेच म्हणजे किती लगेच? ते त्यालाही सांगता येईना. काका दोन्ही तर्जनी उगारून बसायचे आणि तोंडाने "इस्केप... शून्य!" म्हणत एखाद्या डासाला मारावं तसे दाबायचे. जमलं की आजूबाजूला बघायचे.

छपाईची गंमत तर वेगळीच. एस्केप-शून्य जमलं, पडद्यावर 'छपाई चालू' आलं, आणि आमचा प्रिंटर ढिम्म. काकांनी पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. दुपारी मुख्य कार्यालयाचा शिपाई सायकलवरून आला आणि गठ्ठा टेबलावर आपटून म्हणाला, "बाई, तुमच्या पोरींच्या पत्रिका आमच्याकडे निघतात. साहेब म्हणले, कागद संपला." साहजिक होतं. प्रोग्राम चालत होता नदीपलीकडे, मग छापणारही नदीपलीकडेच. हे ज्याने सगळं जोडलं त्याच्या डोक्यात आधी का आलं नाही? आलं नाही, कारण त्याने स्वतः कधी एक कागद छापून बघितला नव्हता.

त्यावर त्याने दुसरा उपाय काढला. प्रोग्रामच्या छपाईची कळ वापरायचीच नाही. टर्मिनलच्या मागे आमचा प्रिंटर लावला आणि टर्मिनलची स्वतःची एक कळ दाखवली. पडद्यावर जे दिसतं ते जसंच्या तसं कागदावर. काका खूश. समिती खूश.

पहिल्याच आठवड्यात मी भाच्याला म्हटलं, "खालची ओळ दिसत नाही."

"कुठली?"

"सगळ्यात खालची. आधी तिथे कुठली कळ कशाला ते यायचं. आता येत नाही."

"हां, ते. डॉसचा पडदा पंचवीस ओळींचा, टर्मिनलचा चोवीस. शेवटची बसत नाही. पण तिथे नुसत्या कळाच असतात, मॅडम. तुम्हाला पाठ आहेत त्या."

"सगळ्या पडद्यांवर कळाच असतात?"

"सगळ्याच."

तो भिंतीकडे बघून 'सगळ्याच' म्हणाला. त्याने मेनू बघितला होता. बाकीचे पडदे उघडून बघायचे कष्ट त्याने घेतले नव्हते, कारण पत्रिका हे त्याच्या मते म्हाताऱ्या माणसांचं खूळ होतं. खूळ असेल. पण खूळसुद्धा पूर्ण छापावं लागतं.

या सगळ्यात एक फरक काकांच्या मात्र लक्षात आला. पूर्वी कागदाच्या शेवटी 'विवाह जुळतो' किंवा 'जुळत नाही' असं यायचं. आता येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं नाही, भाच्याला विचारलं नाही. त्यांनी आपल्या मनाने अर्थ लावला, की नवीन सिस्टिममध्ये निर्णय आपल्यावर सोडला आहे. आणि तो निर्णय ते घ्यायला लागले. कागदावर मंगळाच्या ओळीत 'आहे' दिसलं आणि दुसऱ्या बाजूला 'नाही' दिसलं, की लाल बॉलपेनने खाली 'जुळत नाही' लिहायचं आणि मंडळाचा शिक्का मारायचा.

हे पुढच्या बैठकीत त्यांनी अभिमानाने सांगितलं. चिटणीस भारावून गेले. "हेच मी म्हणतो! यंत्राने माहिती द्यावी, निर्णय माणसाने घ्यावा." टाळ्यासुद्धा झाल्या. मी म्हटलं, प्रोग्राम आधी निकाल देत होता तर आता का देत नाही, हे कोणी बघणार आहे का? माझी सूचना नोंदवून घेण्यात आली.

पुढे काही महिने जुळणारी स्थळं कमी झाली. मेळावे भरायचे, चहा-पोहे व्हायचे, आणि पत्रिकेपाशी गाडं अडायचं. एका सदस्यांनी त्यावर निदान केलं, की हल्लीच्या मुलींच्या पत्रिकाच कडक असतात.

त्या काळात आमच्याकडे ओझरची एक मुलगी नोंदलेली होती. वडील तिथल्या विमानांच्या कारखान्यात फिटर, मुलगी नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. तिचा फॉर्म मला आठवतो कारण तो मला परत करावा लागला नव्हता. रविवारच्या मेळाव्यात तिची आणि नाशिक रोडच्या एका मुलाची ओळख झाली. तो सातपूरच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सेक्शनला. मूळ घर निफाडकडचं, द्राक्षबाग, आता बिऱ्हाड नाशिक रोडला. दोन्ही घरांनी एकमेकांकडे जाऊन चहा घेतला. मुलगा-मुलगी दोनदा बाहेर भेटली. मुलीच्या वडिलांनी मला दुकानाच्या पायरीवर गाठून पेढा दिला आणि म्हणाले, "बोलणी झाली नाहीत अजून, पण पोरगी खूश आहे. तिला आजवर एकही आवडला नव्हता."

मग मुलाच्या आईने पत्रिका मागितली. 'नुसती आपली रीत म्हणून.' ती काकांकडून कागद घेऊन गेली. कागदावर मंगळ, मंगळाखाली लाल अक्षरं, लाल अक्षरांवर शिक्का. ओझरला निरोप गेला की योग नाही.

मुलगी एका दुपारी एकटी आली. लॅबचा पांढरा कोट पिशवीत कोंबलेला. रडलीबिडली नव्हती.

"मावशी, मला तो कागद बघायचाय."

मंडळाची प्रत मी काढून दिली. तिने उभ्याउभ्याच वाचली.

"यात जुळत नाही असं कुठे आहे?"

"हे काय, लाल," काका आतून म्हणाले.

"ते हाताने लिहिलंय. कॉम्प्युटरने कुठे लिहिलंय?"

काका उठून बाहेर आले. "बाळ, कॉम्प्युटर मंगळ सांगतो. पुढचं आपण समजायचं असतं."

"आमच्या गुरुजींनी मी लहान असतानाच सांगितलं होतं. मंगळ आहे, पण त्याला परिहार आहे, म्हणजे दोष लागत नाही."

"गुरुजींनी बोटांवर मोजलं असणार. हा कॉम्प्युटर आहे."

"मग कॉम्प्युटरमध्ये तुम्ही परिहार बघितला का?"

"असता तर दिसला असता!"

काकांच्या त्या वाक्याने माझ्या डोक्यात दोन वायरी जोडल्या गेल्या. खालची ओळ दिसत नाही, आणि निकाल येत नाही. इतके दिवस मी या दोन तक्रारी वेगवेगळ्या करत होते आणि त्या दोन वेगवेगळ्या जागी नोंदवून घेतल्या जात होत्या.

मी काकांना पुन्हा तीच पत्रिका लावायला सांगितली. पडद्यावर मंगळाची ओळ अगदी तळाला टेकली होती. तिच्याखाली काच संपत होती. फोन करायचा तर लाइन टर्मिनलने अडवलेली. मी तशीच खाली उतरले, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि मुख्य कार्यालयात भाच्याला फोनवर घेतलं. दोघांच्या जन्मवेळा सांगितल्या.

"सर्व्हरच्याच पडद्यावर लाव. लावलंस? आता मला सगळ्यात खालची ओळ वाचून दाखव."

"मॅडम, ते नुसत्या कळा..."

"वाच."

मग तो वेगळ्याच सुरात म्हणाला, "परिहार आहे. विवाह जुळतो."

"मोठ्याने."

"परिहार आहे, विवाह जुळतो. पण मॅडम, हे इथे असेल असं मला काय माहीत?"

मी फोन ठेवला. वर येऊन सांगितलं तेव्हा मुलगी खुर्चीत बसली, पहिल्यांदाच. काका म्हणाले, "पण मंगळ आहेच ना." त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे वेळ नव्हता.

संध्याकाळपर्यंत चिटणिसांचा निरोप आला की याचा गाजावाजा करू नये, मंडळाच्या नावाचा प्रश्न आहे. मंडळाचं नाव! काकांनी लाल शाईने मोडलेल्या प्रत्येक स्थळाची यादी मी त्याच आठवड्यात काढली, भाच्याला सर्व्हरसमोर बसवून एकेक पुन्हा लावायला लावली आणि ज्यांचं उत्तर बदललं त्यांना बूथवरून फोन केले. लोकांची तऱ्हा बघा. एका बापाने माझे आभार मानले. एकाने विचारलं, आता जुळतंय तर गुण किती वाढले. एका मुलाच्या वडिलांनी सांगितलं, "आता राहू द्या, आम्ही दुसरीकडे ठरवलं," आणि मग हळूच, "ती मुलगी मात्र चांगली होती हो." तुम्हाला कळत होतं ना ती चांगली होती? मग मंगळाच्या मागे कशाला लपलात?

नाशिक रोडच्या त्या मुलाच्या आईला फोन मी सगळ्यात आधी केला होता. त्यांचं म्हणणं निराळंच.

"बाई, आधी नव्हती ती ओळ आता कुठून आली?"

"आधीपासून होती. आमच्या पडद्यावर दिसत नव्हती."

"आम्हाला नाय कळत त्यातलं. पण आमच्या कागदावर शिक्का हाय तुमचा. पोरगी आली असंल तुमच्याकडं, तुम्हाला आली तिची दया, तुम्ही दिली ओळ वाढवून."

सबंध जन्मात मी एक ओळ कोणाला वाढवून दिलेली नाही. मी म्हटलं, "मग डोळ्यांनी बघायला या. मुलालाही आणा."

मुख्य कार्यालयात चिटणिसांच्या केबिनमागे पडदा लावून सर्व्हर ठेवला होता. मुलाची आई बाहेर चपला काढून आली. मुलगा मागे, इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. मुलगी लॅबमधून परस्पर आली. वडिलांना पहिली पाळी होती, आणि मला वाटतं तिला ते नकोच होते. भाच्याने दोघांच्या जन्मवेळा घातल्या. इथे कॉम्प्युटरचा पडदा रंगीत होता. गुण आले, नाडी आली, मंगळ आला आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, ती ओळ आली.

आईने काचेवर बोट टेकवलं. "ही?"

"हीच."

"वाच रे."

मुलाने वाचली. "परिहार आहे. विवाह जुळतो."

"मग आपल्या कागदावर का नाय?"

भाच्याने खाकरून इंग्रजीत सुरुवात केली. आईने अर्ध्यातच मुलाकडे तोंड वळवलं. "काय म्हणतोय हा?"

आणि मुलगा पुढे झाला. आता त्याच्या विषयाचं निघालं होतं. "आई, सोपं आहे. डॉसच्या प्रोग्रामला पंचवीस ओळी लागतात. टर्मिनलला चोवीसच असतात. आमच्या कंपनीत स्टोअरचा जुना प्रोग्राम असाच सर्व्हरवर चालतो, टर्मिनलवरून. शेवटची ओळ खातंच ते. आम्ही डॉसचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये पडदा एक ओळ वर सरकवायची कळ देऊन ठेवली आहे."

"सरकवता येतो?" भाचा.

"येतो की. फाइलमध्ये एक ओळ टाकायची."

"दाखव ना यार."

दोघं कळफलकावर वाकले. आई मुलाकडे कौतुकाने बघत होती. मीही क्षणभर बघत राहिले, कारण इतक्या महिन्यांत या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा हा पहिला माणूस होता.

मुलगी मागून म्हणाली, "तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"अगं, रोजचंच आहे ते आमच्याकडे."

"आपला कागद घरी आला तेव्हा तुम्ही बघितला होता?"

"बघितला ना." तो अजून टाइप करत होता.

"मग?"

"टर्मिनलचाच प्रिंट दिसत होता. मला वाटलंच, की खालचं कापलं गेलं असणार." त्याची बोटं थांबली. त्याला आता कळलं की आपण काय बोललो. भाच्यालाही कळलं असावं, तो पुन्हा भिंतीकडे बघायला लागला.

"वाटलं होतं," मुलगी म्हणाली. "मग बोलला का नाहीत?"

त्याने आईकडे पाहिलं. "त्या वेळी घरात जरा... सगळ्यांचं ठरलं होतं. म्हटलं, नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

त्याने टेबलावर ठेवलेलं हेल्मेट उचललं. मी जर आईला फोन केला नसता, आई जर हट्टाने इथवर आली नसती, तर हा शर्टाला इस्त्री करून दुसऱ्या मेळाव्याला गेला असता. काकांना कळत नव्हतं, भाच्याने बघितलं नव्हतं, समितीला ऐकायचं नव्हतं. या सगळ्यांबद्दल मी आजवर जे बोलले ते बोलले. पण त्या सगळ्या कारभारात नेमकं काय चुकलंय हे ओळखणारा एकच माणूस होता, कागद त्याच्याच हातात आला होता, त्याच्याच लग्नाचा होता, आणि तो गप्प बसला.

"अगं, झालं ना आता!" आई म्हणाली. "पंचवीस काय नि चोवीस काय. जुळतंय नव्हं? मी काय नाय म्हणत नाय आता. बाबांना सांग, येऊ देत सुपारी फोडायला."

"पत्रिका जुळतेय, काकू," मुलगी म्हणाली. तिने टेबलावरची पिशवी उचलली, कोटाची बाही बाहेर लोंबत होती ती आत सारली.

"म्हणजे काय?" आई माझ्याकडे वळली. "बाई, सांगा तिला काहीतरी. एवढं तुम्हीच आणलं जमवून."

मी म्हटलं, "मी ओळ दाखवायला आणलं होतं. ओळ दाखवली."

मुलगा हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेत उभा राहिला. एक पाऊल पुढे आला असता तर मुलगी थांबली असती, असं मला अजून वाटतं. तो आईच्या बोलण्याची वाट बघत होता.

आम्ही दोघी बाहेर पडलो. मला पंचवटीला जायचं होतं, तिला लॅबमध्ये. रिक्षा एकच मिळाली. पुलाशी ट्रॅफिक तुंबली तेव्हा ती म्हणाली, "बाबांना मी सांगते. तुम्ही फोन करू नका."

"नाही करणार."

"ते म्हणतील, एवढ्याशा गोष्टीवरून."

"म्हणू देत."

"रविवारच्या मेळाव्याला माझं नाव घ्या, मावशी. यायचं की नाही ते मी बघेन."

मी पिशवीतून वही काढली आणि रिक्षातच नाव घेतलं.